तू गाळलेला परिच्छेद

ताई, कॉरोनरच्या ऑफिसातून फोन आला होता. तुझ्या गोळ्यांच्या बाटलीवर आमच्या दुकानाचं लेबल होतं, त्यावरून त्यांनी मला शोधून काढलं. बाई फार मऊ आवाजात बोलत होती. आधी सॉरी म्हणाली, मग म्हणाली, तुम्ही केमिस्ट म्हणून त्यांना गोळ्या दिल्यात आणि तुम्ही त्यांची बहीणही आहात, तर एक स्टेटमेंट लिहून द्या. पान-दीड पान पुरे, तुमच्याच शब्दांत, शुक्रवारपर्यंत. इथे इंग्लंडात माणूस असा अचानक गेला की चौकशी होते, कोर्टासारखी, आणि तिथे ही स्टेटमेंटं मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणजे समोर सतीश भाऊजी बसलेले असणार, तुझ्या सासूबाई बसलेल्या असणार, आणि तुला, शुभाला, लहानपणापासून फीट्स यायच्या हे त्यांना माझ्या कागदावरून कळणार, हेच पहिलं मनात आलं.

तीनदा कागद पुढे ओढला. तीनदा 'मी तिची धाकटी बहीण' इथपर्यंत आले आणि उठून चहा टाकला. मग म्हटलं, त्यांचं राहू दे, आधी तुला लिहिते. आपलं भांडण अकरा वर्षं अर्धवट पडलंय आणि तू मधूनच उठून गेलीस. ही तुझी जुनी खोड. हरायला लागलीस की पत्ते खाली टाकून चालती व्हायचीस.

एकोणीस दिवस झाले. मंगळवारी सकाळी भाऊजी कामाला गेले, रेवा शाळेत गेली, सासूबाई खाली देवपूजा करत होत्या, आणि तू आंघोळीला गेलीस. टब भरलास आणि आतून कडी लावलीस. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच विचारते, की बाई, तू आणि कडी? क्रॉयडनच्या आपल्या घरात बाथरूमला कडीच नव्हती. बाबांनी स्क्रू काढून ती कपाटावर ठेवून दिली होती. पाहुणे आले की त्यांची पंचाईत व्हायची, पण आईने कधी लावू दिली नाही.

त्या दाराबाहेर माझी ड्यूटी असायची. मी नऊ वर्षांची, तू पंधरा. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचं आणि तू आत आहेस तोवर बोलत राहायचं. तू गप्प झालीस तर मनात दहा अंक मोजायचे आणि दार ढकलायचं. एवढं बोलायचं तरी काय, म्हणून तू मला पुण्याहून आलेलं मराठीचं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलंस. आतून पाण्याचा आवाज आणि तुझं दुरुस्त करणं. "परत वाच. नीट वाच." शाळेत मला मराठीचा एक शब्द कुणी शिकवला नाही. आज मी हे जे काही लिहितेय ते सगळं त्या पायरीवरचं आहे.

घरात त्याला फीट म्हणायचं नाही. 'चक्कर' म्हणायचं. शुभाला जरा चक्कर येते. मंडळाच्या गणपतीत तू एकदा पडलीस तेव्हा आईने सगळ्यांना सांगितलं, पोरीचा उपास आहे. तुझा आणि उपास. त्या दिवशी तू सकाळपासून तीन लाडू खाल्ले होतेस, मी मोजले होते. पण मीही मान डोलावली. खोटं बोलायला मी तुझ्यापायीच शिकले आणि चांगली शिकले.

मग तो हॉस्पिटलचा दिवस. मी बारा वर्षांची असेन. तुझी फीट थांबेना, अँब्युलन्स आली, आई नुसती रडत होती आणि तिला इंग्लिशमध्ये शब्द सुचेनात. एक तरुण डॉक्टर माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने मला विचारलं, काय काय झालं ते सांगशील? मी सांगितलं. आधी डावा हात. मग मान वळली. मी घड्याळ बघत होते, सहा मिनिटं झाली तेव्हा फोन केला. तो माझं एकेक वाक्य लिहून घेत होता. माझ्या बोलण्यावर कुणी काही लिहून घ्यावं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी ठरवलं की मी डॉक्टर होणार. तू बरी होऊन घरी आलीस तेव्हा पहिलं तुलाच सांगितलं. तू म्हणालीस, हो, आणि मला फुकट तपासशील. आठवतं?

पंच्याऐंशी सालचा ऑक्टोबर. युनिव्हर्सिटीचा फॉर्म आला. पाच कॉलेजांची नावं लिहायची, आणि 'मला डॉक्टर का व्हायचंय' हे सांगायला जेमतेम पंज्याएवढी जागा. पर्सनल स्टेटमेंट. मंडळातल्या प्रत्येकाला त्यात काय लिहावं ते माहीत होतं. कुणी म्हणालं बॅडमिंटन लिही, कुणी म्हणालं भरतनाट्यम लिही, त्यांना आवडतं. मी तर धड फुगडीसुद्धा घालत नव्हते. शाळेतल्या बाईंनी मात्र सांगितलं, त्यांना आवडेल ते लिहू नकोस, तुझं काय आहे ते लिही. मी आठ दिवस लिहीत आणि खोडत होते. शेवटी लिहिलं ते त्या पायरीबद्दल, दहा अंक मोजण्याबद्दल आणि सहा मिनिटांबद्दल. माझ्या बहिणीला एपिलेप्सी आहे, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. घरात कुणी कधी न उच्चारलेला शब्द मी स्वच्छ अक्षरात लिहिला आणि मला फार मोकळं वाटलं.

टाइप तू करणार होतीस. दुसरं कोण करणार? हॉस्पिटलात सेक्रेटरी होतीस, डॉक्टरांची पत्रं दिवसभर टाइप करायचीस, आणि तुझ्या कागदावर एक अक्षर पुसलेलं दिसायचं नाही. मूळ फॉर्म एकच, चुकला तर संपलं. मी सही आधीच करून दिली, कारण तू जेवणाच्या सुट्टीत टाइप करून परस्पर शाळेच्या ऑफिसात देणार होतीस. कोऱ्या कागदावर सही करू नये असं बाबा सारखे सांगायचे. पण तू म्हणजे का कुणी परकी होतीस? खरं सांगू, तू ते वाचावंस म्हणूनच मी तुझ्याकडे दिलं. मला वाटत होतं तू वाचशील, तुझे डोळे भरतील, घरी येऊन मला जवळ घेशील. तू घरी आलीस ती केक घेऊन. "दिला गं फॉर्म," म्हणालीस. "आता अभ्यास कर." मी दोन तुकडे खाल्ले.

डिसेंबरात एका कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. बाकीच्या चार कॉलेजांनी नुसतंच नाही कळवलं होतं, त्यामुळे सगळं या एकावर. तुझाच निळा कोट घालून गेले, तूच दिलास. लांब टेबल, पलीकडे तिघं. पहिले दोन प्रश्न चांगले गेले. मग मधल्या गृहस्थांनी फॉर्म जवळ घेतला आणि म्हणाले, तुम्ही दोन वर्षं दर शनिवारी वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटना वर्तमानपत्र वाचून दाखवता. त्यातलं कोण तुमच्या सगळ्यात लक्षात राहिलंय?

मला वाटलं त्यांच्या हातात दुसऱ्याच कुणाचा कागद आलाय. तसं म्हणालेही. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. वर माझं नाव, खाली माझी सही, आणि मध्ये तुझ्या सुंदर टायपिंगमध्ये मी कधी न पाहिलेला एक परिच्छेद. पायरी नाही. दहा अंक नाहीत. तू नाहीस. ताई, मी सतरा वर्षांची होते. एखाद्या हुशार मुलीने काहीतरी रचून सांगितलं असतं. मी म्हणाले, हे मी लिहिलेलं नाही. बाजूच्या बाईंनी विचारलं, सही तुमची आहे ना? मी हो म्हणाले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आणखी दोन प्रश्न विचारले, ते केवळ वेळ भरून काढायला. त्यांच्या जागी मी असते तरी मला घेतलं नसतं. केसाने गळा कापणं हे मी तोवर फक्त तुझ्या पुस्तकातून मोठ्याने वाचलं होतं.

घरी आले तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. आई बाहेर गेलेली. मी कोटही काढला नाही. तू माझं तोंड पाहिलंस आणि तुला कळलं, कारण लाटणं थांबलं. मग सगळं बाहेर आलं. बाबांचे मंडळातले मित्र, आपले डॉक्टर काका, मी लिहिलेल्या पाच कॉलेजांपैकी एकात शिकवायचे. आणि त्यांच्याच पुतण्याचं, सतीशचं, स्थळ त्याच महिन्यात तुझ्यासाठी आलेलं. तुझ्या डोक्यात बसलं की काकांच्या हातात हा फॉर्म पडणार, ते पहिलीच ओळ वाचणार आणि झालं. अगं, हजारो फॉर्म येतात! काका डोळ्यांचे डॉक्टर, त्यांना कोण फॉर्म दाखवतंय? पण आपल्या लोकांना वाटतं ना, की एक मराठी माणूस एका इमारतीत बसला की तिथला प्रत्येक कागद त्याच्या टेबलावरून जातो. आईबाबांना तसंच वाटायचं. तुलाही वाटलं. त्या एका वाटण्यात माझं कॉलेज गेलं.

मी म्हणाले, निदान खोटं तरी लिहायचं नव्हतंस. तू म्हणालीस खोटं नाहीये ते. शनिवारी हॉस्पिटलात म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला तूच जायचीस, दोन वर्षं, आणि घरी सांगायचीस ओव्हरटाइम आहे. "माझं होतं ते," म्हणालीस. "तुला देऊन टाकलं." जणू जुना स्वेटर. मला सांगणार होतीस म्हणे, रोज सांगणार होतीस, धीर झाला नाही.

"फॉर्म माझा होता, ताई," मी म्हणाले.

"आणि फीट माझी," तू म्हणालीस. "लिहिताना मला एकदा तरी विचारलंस?"

आणि तू पुन्हा पोळी लाटायला लागलीस.

नव्हतं विचारलं. अकरा वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधतेय आणि ते एवढंच आहे. नव्हतं विचारलं. तुला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तुझा आजार मला माझा वाटायचा, इतकी वर्षं मी दाराशी बसले म्हणून. हे मी तुला कधी कबूल केलं नाही, कारण केलं असतं तर तू सुटली असतीस. तू सुटावंस असं मला वाटत नव्हतं. अजून वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा फॉर्म भर असं सगळे म्हणाले. बाबा हात जोडायचे बाकी राहिले. मी नाही भरला. फार्मसीला गेले. तेवढा दोष माझा, तो तुझ्या माथी मारत नाही. पण तुझ्या लग्नात पाहुणे विचारत होते, मंजू मेडिकलला नाही का गेली, आणि तू हिरवा शालू नेसून उभी होतीस आणि जमिनीकडे बघत होतीस. निघताना माझा हात धरून एवढंच बोललीस, तिकडे सासरी कुणाला कळता कामा नये, मंजू. माझी शपथ आहे. आणि मी मूर्ख, इतकं होऊनही मी शपथ घेतली.

पाळलीही. तू पाहिलंस ना? रेवाच्या बारशाला सासूबाईंनी विचारलं, ही गाडी का शिकत नाही, तर मीच म्हणाले की ती लहानपणापासून भित्री आहे. डॉक्टर काकांच्या साठीला तुझा हात थरथरला तर माझ्या हातातला ग्लास मी मुद्दाम पाडला. एवढं सगळं केलं, पण तुझ्या घरी म्हणून कधी राहायला आले नाही. फोनवर तू 'कशी आहेस' म्हणालीस की मी 'बरी' म्हणायचे आणि फोन बाबांकडे द्यायचे. तुझ्यासाठी खोटं बोलायचे आणि तुझ्याशी बोलायचे नाही.

मग मला इल्फर्डच्या दुकानात नोकरी लागली आणि तू यायला लागलीस. दर दोन महिन्यांनी, शनिवारी, हातात प्रिस्क्रिप्शन. स्टॅनमोरहून इल्फर्ड म्हणजे आख्खं लंडन ओलांडून यायचं, दोन गाड्या बदलून, दीड तास. मला वाटलं, हुशार आहे. तिकडच्या केमिस्टकडे सगळी ओळखीची माणसं, गोळ्यांचं नाव कुणी वाचलं तर बोभाटा. म्हणून लपूनछपून इतक्या लांब. माझं दुकान म्हणजे तिची तिजोरी. मला त्याचाही राग यायचा. माझं डॉक्टर होणं बुडवलं आणि आता ज्या काउंटरमागे मी अडकलेय तो काउंटरही हिलाच हवा.

मी काउंटरवर येऊन तुला केमिस्टसारखंच विचारायचे. डोस तोच आहे ना, काही त्रास नाही ना, दुसरं कुठलं औषध चालू नाही ना. तू सगळ्याला नीट उत्तर द्यायचीस. मग खुर्चीवर थोडा वेळ बसायचीस, खोकल्याच्या बाटल्यांची लेबलं वाचत. मला वाटायचं गाडीची वेळ होईपर्यंत बसलीय. माझी असिस्टंट एकदा म्हणाली, तुझी बहीण किती गोड आहे. मी म्हटलं, हो, सगळ्यांना तसंच वाटतं.

आणि मग तो मंगळवार.

तुझ्या दिवसांना भाऊजी सगळ्यांना सांगत होते, हार्ट. अचानक हार्ट. माणसं मान हलवत होती, चौतीस हे काय जायचं वय आहे का म्हणत होती. मी कोपऱ्यात बसून मनात म्हणत होते, बिचाऱ्याला माहीतच नाही. बारा महिने तेरा काळ जिच्या शेजारी झोपला तिच्याबद्दल काही ठाऊक नाही. आता कॉरोनरसमोर भरल्या खोलीत ऐकणार. रेवा मोठी झाल्यावर तिलाही कळणार, आणि कुणामुळे, तर मावशीमुळे. मी खरं लिहिलं तर तुझी शपथ मोडते. आणि खोटं, तेही कॉरोनरला, मी लिहिणार नाही. माझ्या नावाखाली खोटं एकदा गेलंय, तेवढं पुरे.

म्हणून शनिवारी दुकानातून सुट्टी घेतली आणि स्टॅनमोरला गेले. म्हटलं, निदान त्या माणसाला आधी घरात कळू दे. सासूबाई रेवाला घेऊन शेजारी गेल्या होत्या. भाऊजींनी स्वतः चहा केला, साखर घालायला विसरले. मी पाठ केलेली चार वाक्यं विसरले आणि एकदम म्हणाले, भाऊजी, ताईला फीट्स यायच्या. लहानपणापासून. मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "मला माहीत आहे, मंजू," म्हणाले.

मला वाटलं पोस्टमॉर्टेममधून कळलं असेल. तर म्हणाले, साखरपुड्याच्या आधीपासून. तुम्ही दोघं दुसऱ्यांदा भेटलात तेव्हाच तू सांगितलंस. क्रॉयडन स्टेशनबाहेर बाकावर बसून, चहा यायच्या आत. म्हणालीस, आधी हे ऐका आणि मग चहा प्यायचा की नाही ते ठरवा. त्यांनी चहा प्यायला. अट तुझी एकच होती, तुम्हाला सांगितलं, पुढे कुणाला नाही, तुमच्या आईलाही नाही. हार्ट म्हणाले ते त्यांच्या आईसाठी. त्यांना वाटत होतं की हे मला बोलून तुझी अट मोडेल, आणि मला वाटत होतं तुझी शपथ मोडेल. दोघं मिळून तुझ्या दिवसांना एकमेकांपासून तुला लपवत बसलो होतो.

एरवी तू दार उघडं ठेवूनच आंघोळ करायचीस, ते घरात असताना. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि तू कडी लावायला लागलीस, त्या विचारतील म्हणून. भाऊजी म्हणाले, मी आईला सांगायला हवं होतं. मी दोघांचे कप उचलून धुऊन ठेवले.

पण ताई, मी मनात महिने मोजत होते. दुसरी भेट नोव्हेंबरात. माझी मुलाखत डिसेंबरात. म्हणजे त्या दिवशी पोळ्या लाटताना तुला माहीत होतं. ज्याच्यापासून लपवायला तू माझा परिच्छेद गाळलास, त्याला तू स्वतःच सांगून मोकळी झाली होतीस. माझा फॉर्म फुकट गेला होता, पार फुकट, आणि तुला ते माहीत होतं, आणि तरी तू मलाच उलट विचारलंस, 'लिहिताना मला एकदा तरी विचारलंस?' एका परक्या माणसाला दोन भेटींत सांगितलंस. मला, दाराशी बसणाऱ्या मला, अकरा वर्षं शपथ घालून राखणीला बसवून ठेवलंस. फॉर्मचं एक वेळ समजू शकते मी. घाबरली होतीस. हे कसं समजू?

विचारलंच मी भाऊजींना. मला का नाही सांगितलं तिने? ते म्हणाले, दरवर्षी म्हणायची, या दिवाळीत मंजूला सांगते. मग म्हणायची, ती विचारेल, मग माझा फॉर्म कशाला नासवलास? तेव्हा मी तिला काय सांगू, म्हणायची.

आणि इल्फर्ड? मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर ती इतक्या लांब कशाला यायची, तुमच्या कोपऱ्यावर केमिस्ट आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जणू साधी बेरीज येत नाही. म्हणाले, मीही तेच सांगायचो तिला, इथूनच घे, कोण बघतंय. तर म्हणायची, मंजू एरवी माझ्याशी बोलत नाही. प्रिस्क्रिप्शन नेलं की तिला बोलावंच लागतं, कायदा आहे.

हे पत्र काल रात्री इथवर लिहून ठेवलं आणि स्टेटमेंट आज दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहिलं. दीड पान. एपिलेप्सी हा शब्द पहिल्या ओळीत आहे. भाऊजी म्हणालेत, लिही, सगळं लिही, आईला मी आधी सांगतो, रेवालाही सांगतो. रेवा नऊ वर्षांची आहे, तिला कळेल. तू असतीस तर पुन्हा विचारलं असतंस, मला विचारलंस का म्हणून. नाही विचारलं. आता विचारायला तूच जागेवर नाहीस आणि ही माझी चूक नाही.

राग गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी टाइप केलेलं होईल. तू माझं जे घेतलंस ते घेतलंसच, आणि वर ते फुकट गेलं हे सांगितलंही नाहीस. पण शनिवारी निघताना भाऊजी मला सोडायला स्टेशनपर्यंत चालत आले आणि वाटेत म्हणाले, शेवटची इल्फर्डला जाऊन आली ना, तेव्हा फार खूश होती. रेवाला, मला, आईला, सगळ्यांना सांगत सुटली. मी म्हटलं, कशाबद्दल? ते म्हणाले, तू तिला विचारलंस म्हणे, जेवलीस का.

मी सगळीकडे आठवून पाहिलं, ताई. तो शनिवार आठवतोय, तुझा मरून कार्डिगन आठवतोय, किती गोळ्या दिल्या तेही आठवतंय. जेवलीस का विचारल्याचं मला आठवत नाही.